चकचकीत पाणी

"मॅडम, सगले मासं मेले वो."

बाळाराम मांडवकर दारातच थांबला आणि त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. एखाद्या घरचं माणूस गेल्याचं सांगायला आल्यासारखा त्याचा चेहरा होता. मी कंपनीच्या बसमधून उतरून नुकतीच टेबलाशी येत होते. चहाचा पहिला घोटसुद्धा पोटात गेला नव्हता.

"सगळे?"

"येक नाय ऱ्हायला. काल सांजला खायाला घातलं तवा चांगले टुणटुणीत व्हते."

कोकणातल्या एका एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणारी आमची कंपनी होती. दोन हजार माणसं, स्वतःच्या बसगाड्या, कॉलनी, कॅन्टीन, धुळीत काम करणाऱ्यांना रोज गुळाचा खडा. कोण कुठल्या प्लांटचा हे विचारावं लागत नसे. पिवळ्या प्लांटच्या माणसाची उशी पिवळी, काळ्या प्लांटच्या माणसाच्या कानामागे कायमचा काळा पट्टा. या सगळ्या प्लांटचं घाण पाणी शेवटी आमच्याकडे यायचं. सांडपाणी शुद्ध करणारा हा विभाग, म्हणजे ईटीपी. ऑफिसातली मंडळी त्याला कंपनीचा संडास समजत आणि तिथल्या माणसांकडे त्याच नजरेनं बघत. मी, कुंदा गावंडे, अमरावतीची एमएस्सी, या संडासाची इनचार्ज होते. लागून पाच महिने झाले होते आणि सहाव्या महिन्यात मला कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरणार होतं. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये माझी आई माझ्यासोबत राहायला आली होती आणि तिनं मागच्या अंगणात कारल्याचा वेलसुद्धा चढवला होता.

मासे होते ते आमच्या शेवटच्या टोकाला. शुद्ध झालेलं पाणी एका मोठ्या काचेच्या टाकीतून वाहायचं आणि तिथून पाइपानं खाली खाडीत जायचं. त्या टाकीत खाडीचेच मासे सोडलेले. कुणी पाहुणा आला की त्याला तिथं आणायचं, मासे दाखवायचे आणि म्हणायचं, बघा, आमच्या पाण्यात मासे जगतात. कंपनीच्या कॅलेंडरवरही त्यांचा फोटो होता. बाळाराम कंत्राटावरचा कामगार, पण त्या माशांना तो घरच्या गुरांसारखा जपायचा.

आणि नेमके आजच पाहुणे येणार होते. आमचा निम्मा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची माणसं तपासणीला येणार म्हणून पंधरवडाभर आमच्याकडे लगीनघाई चालली होती. जे हलत नाही त्याला रंग द्यायचा, अशी तेव्हा पद्धत होती. दगडांना गेरू-चुना, पाइपांना हिरवा रंग, भाड्यानं आणलेल्या कुंड्या, कॅन्टीनच्या आचाऱ्याच्या डोक्यावर पांढरी टोपी.

मी टाकीपाशी गेले. मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. पाणी मात्र कधी नव्हे इतकं नितळ होतं. ते डोळ्यांना दिसलं, पण तेव्हा त्यावर विचार करायला मला उसंत नव्हती. हेच पाणी पाइपातून खाली जात होतं.

"बाळाराम, आत्ता भरती आहे की ओहोटी?"

"व्होटी लागलीय. आमची मंडली पन गेलीय मुल्यांना." मंडळी म्हणजे त्याची बायको. ओहोटीला गावातल्या बायका गुडघाभर चिखलात उतरून मुळे, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या वेचत. आमच्या पाइपाचं तोंड त्याच वळणावर होतं.

मी वॉल्व्हचं चाक धरलं आणि जोर लावून गच्च बंद केलं. मग पान्ह्यानं नट सोडवला आणि ते लोखंडी चाकच काढून काखेत मारलं.

"चाक कशाला काढताव?"

"आता हा वॉल्व्ह उघडायला कोणीतरी येईल म्हणून. तू पळ. आधी बायकांना खाडीतून बाहेर काढ. कारण विचारलं तर मॅडमनं सांगितलं म्हणून सांग."

तो उतारावरून पळत सुटला.

आमच्या पाण्याला थांबायला एक तळं होतं, सिमेंटचं. वॉल्व्ह बंद राहिला तर पाणी त्यात साठायचं. पण ते जेमतेम दोन-तीन तासच पुरणार होतं. ते भरलं की एकेक प्लांट बंद करावा लागणार आणि प्लांट बंद होणं ही आमच्या कंपनीत माणूस मरण्याच्या खालोखालची गोष्ट होती. मी सगळ्या प्लांटना फोन करून तसं कळवलं, पाण्याचे नमुने लॅबला पाठवले आणि चाक मांडीवर घेऊन बसले.

हेगिष्टेसाहेब यायला वेळ लागला नाही. ते आमचे वर्क्स मॅनेजर, म्हणजे कारखान्याचे सर्वेसर्वा. दोन महिन्यांपूर्वीच मुंबईच्या ऑफिसातून आले होते. माणूस उंचापुरा, बोलण्यात तरबेज आणि बूट असे चकचकीत, की आमच्या आवारात आले की बिचाऱ्यांची दया यायची.

"गावंडे, काय तमाशा मांडलाय हा? काळ्या प्लांटवाले बोंबलतायत."

"मासे मेलेत, साहेब."

"मग नवीन आणा! लग्नात जेवण कमी पडलं तर कोणी मांडव मोडतं का? भात वाढवतात. ड्रायव्हरला पाठवलंय मी शहरात, शोभेच्या माशांचं दुकान आहे तिथे. तुम्ही वॉल्व्ह उघडा."

"मासे कशानं मेले ते कळल्याशिवाय नाही उघडणार."

"मासे आहेत ते. मरतात. त्यांना काय पेन्शन लागू करायचीय?"

"साहेब, सगळे एकाच रात्रीत मेलेत. खाली बायका पाण्यात उभ्या असतात."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्या मांडीवरच्या चाकाकडे बघितलं. तेवढ्यात लॅबमधून फोन आला. मी ऐकत गेले तसा माझा धीर सुटत गेला. पाण्याच्या जेवढ्या म्हणून तपासण्या आम्ही रोज करत होतो त्या सगळ्यांत पाणी पास झालं होतं. नुसतं पास नाही, रोजच्यापेक्षा चांगलं.

"बघा!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "सगळं लिमिटमध्ये. आता तरी उघडाल?"

"लॅबच्या हिशेबानं ते मासे आत्ता पोहत असायला पाहिजेत, साहेब. ते पोहत नाहीयेत. म्हणजे जे बघायला हवं ते आपण बघितलंच नाही."

"गावंडे, तुमचं प्रोबेशन कधी संपतंय?"

"पुढच्या महिन्यात."

"मग जरा जपून बोला."

ते पाय आपटत टाकीकडे निघून गेले. आईचा कारल्याचा वेल डोळ्यांसमोर आला. पण माझं एक आहे, एकदा पाऊल रोवलं की मग मला कोणी हलवू शकत नाही. शाळेत असताना मास्तरांनी छडी मोडली होती, पण माझा हट्ट नाही. मी चाक उचललं आणि त्यांच्या मागोमाग गेले.

बाळाराम खालून परत आला तेव्हा त्याचे पाय मांडीपर्यंत चिखलानं भरले होते.

"आल्या का सगळ्या बाहेर?"

"आल्या. पन मना लय शिव्या घातलानी. व्होटी फुकट गेली म्हनत्यात. मंडलीच्या डोल्यांची जराशी आग व्हतेय म्हनली, बाकी काय नाय."

डोळ्यांची आग. मी ते मनात टिपून ठेवलं.

तेवढ्यात साहेबांचा ड्रायव्हर प्लास्टिकच्या पिशव्या लोंबकळवत आला. आत नारिंगी, सोनेरी, झालरीच्या शेपट्यांचे मासे. अशा माशांना सांडपाण्यात सोडणं म्हणजे नव्या नवरीला शेणाच्या खड्ड्यात उतरवण्यासारखं होतं, पण साहेबांना घाई झाली होती. बाळारामनं जाळीनं मेलेले मासे काढायला घेतले. त्याच्या हाताला वेग नव्हता. साहेबांनी कोट काढला आणि पिशव्या स्वतःच टाकीत ओतल्या. मासे खाली गेले, काचेशी आले, त्यांनी एक सुंदर गिरकी घेतली.

"झालं," साहेब हात पुसत म्हणाले. "आहे काय त्यात?"

त्यांनी टाकीपाशीच चहा मागवला, मलाही दिला. त्यांचा कप अर्धा व्हायच्या आत पहिला नारिंगी मासा वर आला आणि तोंडाचा चंबू करून हवा गिळायला लागला. मग दुसरा. मग सगळेच पाण्याच्या वरच्या थराला येऊन धडपडायला लागले. एक आडवा झाला. साहेबांनी कप खाली ठेवला.

"यांना प्रवासाचा त्रास झाला असेल," ते म्हणाले.

मी टाकीवर वाकले आणि नाक पार पाण्यापर्यंत नेलं. हिरव्या ऑइलपेंटचा वास सगळीकडे दाटला होता म्हणून सकाळपासून तो दुसरा वास लपला होता. आता मात्र तो सरळ नाकात शिरला. आमच्या अमरावतीला उन्हाळ्यात साथ आली की नळाच्या पाण्याला यायचा तो. पाणी नितळ का झालं, डोळ्यांची आग का झाली, लॅबला काही का सापडलं नाही, हे सगळं मला एका दमात कळलं.

"बाळाराम, काल मी घरी गेल्यावर पाण्यात काय घातलं?"

तो माझ्याकडे बघेना. साहेबांकडेही बघेना. तो साहेबांच्या बुटांकडे बघत उभा राहिला. कंत्राटाचा माणूस तो, उद्या गेटवर पास अडवला की खेळ खलास. मला उत्तर मिळालं होतं, ते त्याच्या तोंडून वदवून घ्यायची काही गरज नव्हती.

मी केबिनमधून दोन बाटल्या आणल्या. एका परीक्षानळीत टाकीतलं पाणी घेतलं, त्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले आणि मग स्टार्चचे. काचेसारखं पाणी गडद निळंशार झालं. ही तपासणी आम्ही रोज करत नव्हतो, कारण रोज त्या पाण्यात क्लोरीन असायचं कारणच नव्हतं.

"हे ब्लीचिंग आहे, साहेब. हायपो. कपड्यावरचे डाग घालवतात ते. कोणीतरी पाण्याचा पिवळेपणा घालवला आणि त्याच्यासोबत माशांनाही घालवलं."

साहेबांनी ती निळी नळी माझ्या हातातून घेतली आणि उजेडात धरली.

"काल संध्याकाळी मी राउंडला आलो होतो," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "पाणी चहासारखं दिसत होतं. पाहुण्यांना काय असलं पाणी दाखवायचं? म्हणून याला म्हटलं, थोडं हायपो टाक."

"थोडं?" मी बाळारामकडे वळले.

"चकचकीत झालं पायजे म्हनले," बाळाराम पुटपुटला. "म्हून व्हतं तेवढं सगलंच घातलं."

दगडांना चुना, पाइपांना रंग, तसं यांनी पाण्यालाही रंगवून घेतलं होतं. आमचं चहाच्या रंगाचं पाणी दिसायला गरीब होतं, पण त्यात मासे जगत होते. मला हसू आलं आणि त्याच वेळी साहेबांचा असा संताप आला की ते चाक त्यांच्या चकचकीत बुटांवर सोडावंसं वाटलं.

"आता बायसल्फाइट घालून तो क्लोरीन मारावा लागेल," मी म्हटलं. "संध्याकाळपर्यंत होईल. तोवर वॉल्व्ह बंद."

"संध्याकाळपर्यंत? अहो, काळा आणि लाल, दोन्ही प्लांट आत्ताच थांबलेत! पाहुण्यांना काय बंद पडलेला कारखाना दाखवू? द्या ते चाक. तास-दोन तास जाऊ द्या पाणी खाडीत. खाडीला काय होतंय? समुद्राला मिळतं सगळं."

"नाही देत जा!" रागावले की माझी अमरावती अशी तोंडातून बाहेर पडते. "बायका पुढच्या ओहोटीला परत उतरतील. मी नाही देत."

"मग उद्यापासून येऊ नका."

"ठीक आहे. म्हणजे आजचा दिवस तरी माझाच आहे."

हे बोलून मी चाक दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

आणि तेवढ्यात रस्त्यावरून पांढरी हेल्मेटं येताना दिसली. पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर आले होते. आणि पहिल्यांदा ऑफिसात बसून नारळपाणी घ्यायचं सोडून थेट आमच्याकडेच आले होते. दोन गोरे आणि त्यांच्या पुढे एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई, ताडताड चालत येणारी. त्या कंपनीच्या मुंबई ऑफिसच्या डॉक्टर लोबो. साहेब घाईनं कोट चढवत इंग्रजीत स्वागताला पुढे झाले. बाईंनी त्यांच्याशी हात मिळवला आणि सरळ टाकीसमोर येऊन उभ्या राहिल्या. आत नारिंगी मासे आडवे तरंगत होते.

"मेले?" बाई मराठीत म्हणाल्या. त्या वसईच्या निघाल्या. "माझा बाप मासेमारी करायचा. मी देशभर कारखाने बघत फिरते, सगळीकडे मला जिवंत मासे दाखवतात. मेलेले पहिल्यांदाच बघते. काय झालं?"

साहेब कोटाचं बटण लावण्यात गुंतले. मीच बोलले.

"काल पाण्यात हायपो जास्त पडलं. त्यानं मेले. म्हणून पाणी खाडीत सोडणं सकाळपासून बंद केलंय. क्लोरीन गेल्याशिवाय सोडणार नाही."

"आणि तुमचे प्लांट?"

"दोन थांबलेत. अजून एक थांबेल."

"थांबवलेत?" बाईंनी चष्मा खाली करून माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या चाकाकडे बघितलं. "रंगाचा कारखाना माशासाठी थांबवला? कोणी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या कानाशी साहेबांचा भरदार आवाज आला.

"मी. माझ्या ऑर्डरवरून थांबवलाय, मॅडम. आमच्याकडे यात तडजोड नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्ता, याच जागी, याच माणसानं मला घरी बसवलं होतं. ओरडून सांगावं, बाळारामची साक्ष काढावी, असं क्षणभर वाटलं. बाळाराम तर तोंड उघडं टाकून साहेबांकडे बघत होता. गोऱ्यांपैकी एक जण काहीतरी लिहून घेत होता आणि बाईंनी साहेबांकडे मान डोलावून बघितलं. आणि ते लिहिणं बघताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साहेबांनी स्वतःहून उंबऱ्याच्या आत पाय टाकला होता. आता फक्त दार लावायचं होतं.

"हो ना, मॅडम," मी गोड आवाजात म्हटलं. इतका गोड की आईनं ऐकला असता तर ताप आला का म्हणून कपाळाला हात लावला असता. "साहेबांनी तर असंही सांगितलंय, की यापुढे मासे मेले, नुसते वरती येऊन धापा टाकायला लागले, तरी इथं ड्यूटीवर जो कोणी असेल त्यानं वॉल्व्ह बंद करायचा. मला विचारायचं नाही आणि साहेबांनाही विचारायचं नाही. कंत्राटावरचा माणूस असला तरी चालेल. आणि त्याच्या नोकरीला धक्का लावायचा नाही. बरोबर ना, साहेब?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. इतका वेळ माझ्याकडे त्यांनी कधीच बघितलं नसेल. त्यांच्या एका बाजूला डॉक्टर लोबो, दुसऱ्या बाजूला पेन सरसावलेले गोरे, समोर मी आणि माझ्या मागे चिखलानं भरलेला बाळाराम.

"बरोबर," साहेब म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "अगदी बरोबर. हा आमचा नियम आहे."

"उत्तम," बाई म्हणाल्या. "हे मी रिपोर्टमध्ये घालते. पुढच्या वर्षी येऊन विचारेन, किती वेळा बंद केला म्हणून."

पाहुणे पुढे सरकले. साहेब दोन पावलं मागे राहिले.

"गावंडे, तुम्ही मला बांधून टाकलंत."

"हो, साहेब. पण तुम्हाला ते शोभून दिसतंय."

मला वाटलं आता खरंच गेटबाहेर जावं लागणार. पण त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला कळलं की ते हसतायत. "उद्या वेळेवर या," एवढं म्हणून ते पाहुण्यांच्या मागे धावले.

पुढच्या महिन्यात मी कायम झाले. साहेब नंतर येईल त्या पाहुण्याला हा किस्सा सांगायचे. दर खेपेला त्यांची हिंमत थोडी वाढायची आणि दुसऱ्या वर्षापर्यंत तर वॉल्व्हचं चाकही त्यांनी स्वतःच्या हातानं काढलेलं होतं. मी शेजारी उभी राहून माना डोलवायची. माझं काय जात होतं?

पण बाळारामचा त्यावर विश्वास बसायला वेळ लागला. हात वॉल्व्हकडे गेला तरी तो आधी मला शोधत यायचा. मग एकदा दिवाळीत मी आईला घेऊन अमरावतीला गेले होते. शेजारच्यांकडे फोन आला म्हणून बोलावणं आलं, मी पीठ लागलेल्या हातांनीच धावले. एसटीडी बूथवरून बाळाराम ओरडत होता.

"मॅडम, मासं वर आलं व्हतं, धाप लागल्यागत करत व्हतं. मी वॉल्व बंद केलाय. लाल प्लांट थांबलाय."

"अरे, साहेबांना विचारलंस का?"

बाळाराम म्हणाला, "इचारायचं काय त्यात? त्यांचीच ऑर्डर हाय."